बर्फगाडीच्या बाई

भर ऑगस्टात लोकरीचा ओव्हरकोट घालून शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात चालत आलेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. बाहेर डांबर मऊ झालेलं, आमच्या शेडचा पत्रा तापून कडकड वाजतोय, आणि ह्या बाई गळ्यापर्यंत गुंड्या लावून दारात उभ्या. कोट पुरुषाचा, तपकिरी, बाह्या दोनदा दुमडलेल्या. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं.

"मराठी कोण आहे इथं?"

मी लेथवर होतो. म्हटलं, "मी आहे. काय काम?"

"नुसतं बघू नका, धरा."

धरलं. जड होतं. गोणपाट सोडलं तर आत लोखंडाची रुंद पट्टी, पुढून होडीच्या नाळेसारखी वर वळलेली. माझा उभा जन्म लोखंडात गेला. ट्रकचे पाटे बसवले, गलबतांचे वाकलेले पंखे सरळ केले, पण ही वस्तू ओळखता येईना. ओळखता येत नाही असं मी गिऱ्हाइकाला सांगत नसतो. उलटीसुलटी केली आणि म्हटलं, "तळ झिजलाय."

"तेवढं मलाही दिसतं. बर्फावरच्या गाडीची स्की आहे ही. चहा सांगा, मग सांगते."

खुर्ची पुढं केली तर त्यांनी ती बाजूला सारली आणि रंगाचा रिकामा डबा उपडा करून त्यावर बसल्या. पुढं जितक्यांदा आल्या तितक्यांदा डब्यावरच बसल्या. खुर्चीत बसलं की उठायला कारण लागतं म्हणायच्या.

"कोट काढा की बाई, उकडत नाही का?"

"दिवसभर बर्फात असते मी. बाहेर आलं की ऊब हाडांत मुरू द्यावी लागते. कोट काढला की सगळी वाया."

हे खरं की खोटं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता, हे मी डोळ्यांनी बघितलं.

बाई काम करायच्या त्या जागेत मशिनं लावून बर्फ पाडतात. दुबईत एका मॉलच्या मागं मोठा बंद हॉल आहे. बाहेर वाळवंट, आत हिमालय. पोरंबाळं भाड्याचे जाड कोट घालून तिथं घसरायला येतात. मुलांच्या घसरगाड्या ओढायला तिथं एक जुनी बर्फगाडी होती. पुढं दोन स्की, मागं रबरी पट्टा, मध्ये स्कूटरसारखी सीट. कुठल्याशा थंड देशातून वापरलेलीच आणलेली, आणि हॉलमधल्या निम्म्या स्टाफपेक्षा वयानं मोठी. पूर्वी सगळ्या मशिनांची देखभाल बाईंकडे होती. मग बर्फाची मशिनं बाहेरच्या कंपनीकडे गेली, एसी दुसऱ्या कंपनीकडे गेला, आणि बाईंच्या हातात ही एक गाडी राहिली. गाडी आहे तोवर बाईंची नोकरी, नोकरी आहे तोवर व्हिसा. गाडी भंगारात गेली की बाई पुण्याच्या विमानात. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी चहा पिता पिता सांगितलं, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं.

आणि गाडी वळत नव्हती. दुखणं एवढंच होतं.

स्कीच्या तळाला लांबीभर एक सळई असते. वळताना तीच बर्फात रुतते. हॉलमधला बर्फ पोरांच्या बुटांनी दबून दबून काचेसारखा झालेला, आणि सळया झिजून सपाट. हँडल वळवावं तर स्की वळायच्या आणि गाडी सरळच जायची. एकदा भिंतीच्या गादीवर जाऊन टेकली. मागं पोरं बसलेली. कुणाला लागलं नाही, पण मॅनेजरला गाडी काढून टाकायला निमित्त मिळालं. इन्शुरन्सचा इन्स्पेक्टर येऊन गाडी बघणार, पास झाली तर ठीक, नाहीतर खलास.

"कार्बाइडच्या सळया लागतील," बाई म्हणाल्या. "तळाला कार्बाइडची धार बसवलेल्या. बर्फ कापत जातात. मागवल्यात मी. पण ह्या जुन्या स्कीला बसेल अशी आता कुणी बनवत नाही. नव्या मॉडेलची येणार. ती तुम्ही बसवायची."

"बसेल."

"अजून बघितलीही नाही तुम्ही."

"बसवायची म्हटल्यावर बसेल."

बाई पहिल्यांदा हसल्या. "बरं झालं. पुण्यात असता तर आधी तीन शंका काढल्या असत्यात."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढं कोल्हापूरच्या फाउंड्रीत. बाई इंजिनियर, पण त्यांनी ते कधी काढलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. भांडताना दोघं एकाच पातळीवर असायचो.

घरी सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, कुठून कुठून वेडी माणसं गोळा करता तुम्ही?" नात मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "स्नोमोबील इन दुबई? आजोबा, सीरियसली?"  बाईंना वेडी म्हणणारे पुष्कळ भेटले मला. त्यातल्या एकालाही स्वतःच्या गाडीचं टायर बदलता येत नव्हतं.

बाई सगळ्या जगाशी मराठीत बोलायच्या. आमच्या शेजारचा पठाण वेल्डर, हॉलच्या दारावरचा फिलिपिनो वॉचमन, पार्ट घेऊन येणारा कुरियरवाला, सगळ्यांशी. यल्ला, म्हणजे चला, एवढाच शब्द तिकडचा. "यल्ला, उचला. तिकडून नाही हो, ह्या अंगानं." आणि माणसं उचलायची. वॉचमन त्यांना बघितलं की सॅल्यूट ठोकून म्हणायचा, "गुड मॉर्निंग, बाई!" त्यांचं नावच ते आहे अशी त्याची समजूत. बाईंनी कधी दुरुस्त केली नाही. मी एकदा म्हटलं, "हिंदी बोललात तर सोपं जाईल." तर म्हणाल्या, "त्यांना कळतंय, मला कळतंय. तुम्हाला कुठं अडलं?"

कोटाच्या आतल्या खिशांत पाने ठेवायच्या. उणे तापमानात गार पाना उघड्या हाताला चिकटतो, कातडी सोलून घेतो. म्हणून पाने अंगाच्या उबेला. चालताना बाई खुळखुळ वाजायच्या. त्या यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात स्टाफच्या बिल्डिंगमध्ये राहायच्या, एकट्या. घरचं कुणी आहे का, नवरा होता की नव्हता, काही बोलल्या नाहीत. डबा मात्र रोज स्वतः करून आणायच्या. भाकरी आणि ठेचा. बर्फात ठेचा दगड होतो, तो त्या पान्यानं फोडून खायच्या.

कुरियर आला त्या दिवशी खरी लढाई झाली. सळया सुरेख होत्या, काळ्या, तळाला कार्बाइडची करडी धार. पण वरचे स्टड, म्हणजे ज्यांना नट लागतात ते, आमच्या स्कीच्या भोकांशी जुळेनात. एक जुळला, बाकीचे बाजूला.

मी म्हटलं, "स्टड कापतो आणि भोकं आहेत तिथं वेल्ड करतो. खलास."

"हात नाही लावायचा सळईला. आच लागली की कार्बाइड सुटेल. पितळेनं जोडलेलं असतं ते."

"मला माहीत आहे कशानं जोडलेलं असतं ते. लेथची टिपं जन्मभर कशानं जोडली मी? गुळानं?"

"मग माहीत असून बोलताय?"

"ओलं फडकं गुंडाळून करीन. धारेपर्यंत आच जाऊ देणार नाही."

"आणि गेली तर? कार्बाइड निघून पडेल कुठं? मुलांच्या वाटेत. नाही मिस्त्री. स्कीला नवी भोकं पाडा."

"जुन्या भोकांशेजारी नवी पाडली तर स्की तिथनंच तुटेल."

"मग जुनी भरा."

"भरायची कशानं?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "वेल्डिंगनं. तुमची हौसही फिटेल."

चहा गार झाला. शेजारचा पठाण मध्ये येऊन उभा राहिला, त्याला वाटलं मारामारी होणार. शेवटी तेच केलं. आधी जुने नट काढले. ते काही सरळ निघाले नाहीत. गाडी धुवायला अधूनमधून हॉलबाहेर काढायचे, तेव्हा गार लोखंडावर दुबईची दमट हवा पाण्यासारखी जमायची आणि गंज धरायचा. डिझेल पाजलं, आच दिली, दोन छिन्नीनं तोडले. मग स्कीची जुनी भोकं वेल्डिंगनं भरून, घासून सपाट केली, नवी पाडली, आणि सळई खालून घालून पुढचं टोक खाचेत अडकवलं. लाकडाचा ठोकळा धरून हळूहळू वर ठोकली. धारेवर हातोडा चालवायचा नाही, कार्बाइड कडक असतं तसंच ठिसूळ असतं, काचेच्या जातीचं. स्टड भोकांतून असे वर आले की मी पठाणाला मुद्दाम बोलावून दाखवलं.

बाईंनी स्कीवरून बोट फिरवलं. "मान्य," म्हणाल्या.

एवढाच शब्द. पण तो मी घरी जाऊन सुनेला सांगितला.

दुसरी स्कीही तशीच केली, आणि दोन्ही हॉलमध्ये नेऊन गाडीला चढवल्या. पट्ट्याच्या कडेनं दोरी ताणून स्कीचा रोख बघितला, पुढून किंचित बाहेरच्या अंगाला ठेवला. हॉलच्या आत गाडी ठेवायच्या जागेत थोडा भाग नुसता काँक्रीटचा. त्यावर धार घासू नये म्हणून बाईंनी रबरी मॅट अंथरल्या. मी आणि वॉचमन गाडी ढकलतोय, बाई मागची मॅट उचलून पुढं नेऊन टाकतायत, "यल्ला, यल्ला" करत. पालखीपुढं पायघड्या घालाव्यात तसं चाललं होतं.

इन्स्पेक्टर तिसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. म्हणजे आदल्या दिवशी आम्ही गाडी चालवून बघणार. आणि चालवायच्या आधी पूजा. ह्या बाबतीत बाई कडक. खंडेनवमी असो नसो, नवा पार्ट बसला की हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि चाकाखाली लिंबू. इथं चाक नाही तर स्कीखाली. मलाही ते पटतं. गाडीखाली लिंबू न फोडता मी कधी कुठलीही गाडी रस्त्यावर काढलेली नाही.

पण बाईंनी तयारी आदल्या संध्याकाळीच करून ठेवली होती. ताट हळदकुंकवासकट गाडीशेजारी, उणे तापमानात. सकाळी आम्ही हात जोडले, दोन्ही स्कींपुढं एकेक लिंबू ठेवलं, बाईंनी गाडी सुरू केली आणि पुढं घेतली.

डावं लिंबू फुटलं. उजवं फुटलं नाही. ते गोठून गोटा झालं होतं. स्की त्यावर चढली, लिंबू खालून निसटलं, आणि स्की तिरकी घसरून पाणी वाहून जायच्या लोखंडी जाळीच्या कडेवर आपटली. टक्.

बाईंनी इंजिन बंद केलं. मी पालथा पडून खाली बघितलं. धारेचा नखाएवढा कपचा उडाला होता, आणि तो बरोबर मधोमध, जिथं सगळं वजन येतं तिथं.

वॉचमननं लिंबू उचललं, हातात झेललं आणि म्हणाला, "व्हेरी स्ट्राँग लेमन, बाई."

मला हसू आलं, पण बाईंकडे बघून ते गिळलं. नवी सळई यायला आठवडे लागणार. इन्स्पेक्टर उद्या. बाई जाळीशेजारी बर्फात उकिडव्या बसल्या होत्या. वाटलं, आता रडतात. त्यांनी हातमोज्याचं बोट बर्फात फिरवून एक गोल काढला.

"मिस्त्री, गाडी हॉलमध्ये कुठल्या अंगानं फिरते?"

"डावीकडं."

"नेहमी डावीकडे. डावीकडे वळताना भार कुठल्या स्कीवर येतो?"

"बाहेरच्या. उजव्या."

"मग अख्खी सळई उजवीकडे पाहिजे. बदला."

दुपार त्यात गेली. हॉल पोरांनी भरलेला, वर गाणी लागलेली, आणि आम्ही दोघं गाडीच्या जागेपुढच्या पडद्यामागं स्की उलट्या करून नट सोडतोय. माझी बोटं कामातून गेली. बाई कोटातून एकेक कोमट पाना काढून द्यायच्या आणि गार झालेला परत आत ठेवायच्या. मी म्हटलं, "बाई, उद्या लिंबू नको." त्या म्हणाल्या, "लिंबू ठेवायचं ते ठेवायचंच. उद्या बाहेरून ताजी दोन आणते, शेवटच्या मिनिटाला." आणि खरंच आणली. मुठीत धरून, ऊब देत. दोन्ही फचकन फुटली.

इन्स्पेक्टर केरळचा. बोलणं कमी, बघणं जास्त. पहिल्यांदा तो गुडघ्यावर बसून स्कीच्या तळाखालून बोट फिरवायला लागला तेव्हाच मला कळलं, हा फसवून घेणारा नाही. कपचा उडाला होता तिथं त्याचं बोट थांबलं.  शेजारी मॅनेजर, दिल्लीकडचा तरुण पोरगा, नव्या इलेक्ट्रिक गाडीचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन उभा.

मागच्या घसरगाडीवर पोरांच्या जागी वाळूच्या गोण्या टाकल्या. बाई बसल्या. डावीकडचं वळण, पुन्हा डावीकडचं वळण. धार बर्फ कापत जायची तेव्हा दुधाच्या सायीसारखी एक पातळ पट्टी सोलून निघायची. थांबायची हद्द म्हणून पिवळी रेघ मारलेली, तिच्या आत गाडी थांबली. मी मॅनेजरकडे बघितलं. तो मोबाइल खिशात घालत होता.

इन्स्पेक्टर म्हणाला, "अब राइट."

बाई म्हणाल्या, "उजवीकडे कशाला? इथं सगळे डावीकडेच फिरतात."

"बाई जी, सर जो बोल रहे हैं वो कीजिए ना," मॅनेजर.

इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाला, "लेफ्ट में कोई बच्चा गिर गया तो? राइट लेना पड़ेगा ना, मॅडम?"

बाईंनी मागच्या गोण्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं."

गाडी उजवीकडे घेतली. कपचा उडालेली सळई आता बाहेरच्या अंगाला. तिनं धरलंच नाही. गाडी तिरकी सरकत गादीकडे निघाली. बाईंनी ब्रेक दाबला. गादीपासून हातभर अंतरावर थांबली. मॅनेजरनं डोकं हलवलं. इन्स्पेक्टरनं पेन काढलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "लिहू नका. आत्ता मी नुसती बसले होते."

गाडी मागं ढकलून आम्ही जागेवर आणली. बाईंनी एक गुडघा सीटवर टेकला, दुसरा पाय उजव्या फळीवर, आणि सगळं अंग पुढं, हँडलच्याही पुढं, उजव्या स्कीवर झोकून दिलं. साठीच्या घरातली बाई, कोटातले पाने खुळखुळतायत, बाहेर लोंबकळलेली. अख्खी सळई उजवीकडं होती. तिच्यावर वजन पडलं आणि ती बर्फात शिरली. करकर आवाज झाला. गाडी उजवीकडं वळली. घट्ट, गोण्यांसकट, लगाम ओढल्यासारखी. पुन्हा एकदा वळवली. तिसऱ्यांदाही. मग बाई उतरल्या आणि मांडीला हात धरून उभ्या राहिल्या.

इन्स्पेक्टरनं विचारलं, "दूसरा ड्रायव्हर कर लेगा ऐसा?"

मी मनात म्हटलं, हो म्हणा बाई. एक शब्द आहे.

"नाही," बाई म्हणाल्या. आणि त्याला कळावं म्हणून, माझ्या देखत पहिल्यांदा, हिंदीत म्हणाल्या, "नहीं कर पाएगा."

त्यानं मान हलवली आणि लिहिलं. मॅनेजरनं ते वाचून दाखवलं, आवाज पडलेला. गाडी पास. अट एकच, दोन्ही सळया धड होईपर्यंत ती ह्या मॅडमशिवाय कुणी चालवायची नाही.

"लेकिन सर, मॅडम का कॉन्ट्रॅक्ट तो इस महीने के बाद…"

"वो आपका मामला है," इन्स्पेक्टर म्हणाला, आणि बूट झटकत बाहेर गेला.

आता मला सांगा, ह्याहून चांगलं काय व्हायचं राहिलं? गाडी पास झाली तरी महिन्याअखेर बाईंना काढायचं त्या पोरानं ठरवलेलं दिसत होतं, पण त्या कागदानं बाईंना जागेवर बांधून टाकलं होतं. सळई तशीच राहिली तर बाईही राहणार. मॅनेजर काय, त्याचा बापही हलवू शकत नव्हता. मी आनंदानं वॉचमनच्या पाठीत थाप मारली. तोही नाचायला लागला.

बाई पडद्यामागं, तिथल्याही एका रंगाच्या डब्यावर बसून मांडी चोळत होत्या. मोबाइल काढलेला. सळई विकणाऱ्याचं पान उघडून बसलेल्या.

"काय करताय?"

"दुसरी मागवतेय. स्टड कुठं कुठं पाहिजेत ते त्यांना कळवलं की ह्या वेळी बरोबर करून देतील."

"बाई, कागद ऐकलात ना? सळई आली की अट गेली. अट गेली की तुम्ही गेलात."

"ऐकला."

"मग घाई कशाची? वर्षभर येऊ नये सळई. अशी किती पार्सलं हरवतात."

त्यांनी वर बघितलं. रागावल्या नव्हत्या. पोराचं गणित चुकल्यावर मास्तर बघतात तसं बघितलं.

"मिस्त्री, मी अंग टाकलं तरच वळणारी गाडी म्हणजे बिघडलेली गाडी. उद्या मला ताप आला तर हा वॉचमन चालवेल. मागं पोरं असतील. तुम्ही बसवाल का तुमच्या नातीला?"

मी हट्टी माणूस आहे. आमच्या घरात मला हरवणारा अजून जन्मला नाही. त्या दिवशी मी तिथं उभा राहून पुष्कळ शब्द जुळवले. एकही बाईंसमोर बोलण्यासारखा नव्हता.

आता बाई पुण्याला असतात. फोन केला की अजूनही पहिलं वाक्य, "उजवीकडे वळते ना?" मी सांगतो, वळते. वॉचमन चालवतो, सीटवर बसून, एका हातानं.

पण त्या दिवशी हे काही झालेलं नव्हतं. बाईंनी चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाल्या, "पहिल्या स्टडपासून दुसऱ्यापर्यंत किती? नीट मोजा, ह्या वेळी चुकायचं नाही."

मी टेप काढली, बर्फात गुडघे टेकले आणि मोजायला लागलो.